शेरा : पडीक

सुबोध कॉलनीला पंचवीस वर्षं झाली, आणि तिला इतिहास हवासा वाटायला लागला.

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला तीन मैलांवर, शिरवलीच्या खाडीकडे तोंड करून ही कॉलनी उभी होती. बावीस बैठी घरं, मधोमध गणपतीचं देऊळ आणि चहूबाजूंनी पुरुषभर उंचीची दगडी भिंत. भिंतीच्या आत कचेऱ्यांतली माणसं राहत. कोणी बँकेत, कोणी सेक्रेटरिएटात, दोन वकील, एक डॉक्टर. भिंतीच्या बाहेर साडेतीन एकरांचं मोकळं रान आणि त्याच्या पलीकडे शिरवलीचा कोळीवाडा. त्या मोकळ्या जागेवर आठ महिने बोंबील वाळत आणि पावसाळ्याचे चार महिने गवत वाढे. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं कळेल. कॉलनीतल्या शहाण्यांनीही पुढे तीच ध्यानात ठेवली, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

एकोणीसशे पंचावन्नच्या जानेवारीत देवळाच्या मंडपात सभा भरली. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार तेलंग वकील होते आणि बोलताना हातातला चष्मा असा हलवत की समोरचा आपोआप मान हलवी. रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायची ठरली. भिंतीबाहेरची जागा सरकारकडून मागून तिथे सभागृह आणि मुलांसाठी क्रीडांगण करायचंही ठरलं. सरकारदफ्तरी ती पडीक आहे, तेलंग म्हणाले, अर्ज केव्हाच गेला आहे, आता प्रांतसाहेबांची पाहणी तेवढी व्हायची.

"रणदिवे, तुम्ही मोजणी खात्यातले. स्मरणिकेतला परिसराचा इतिहास-भूगोल तुमच्याकडे," तेलंग म्हणाले.

श्यामकांत रणदिवे मागच्या रांगेत बसले होते. एक्केचाळीस वर्षांचा, हेड ड्राफ्ट्समन झालेला, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. ते म्हणाले, "मी नकाशे काढतो. इतिहास कुठे लिहितो?"

"नकाशा म्हणजे भूगोल झालाच की. आणि इतिहास काय, पोर्तुगीज आले, पेशवे आले, इंग्रज आले, मग आपण आलो. चार पानं."

"मध्ये कोळ्यांवर दोन ओळी घाला," डॉक्टर म्हणाले. "मूळचे रहिवासी. दर्यावर्दी, भोळेभाबडे."

"आणि वासाचं लिहू नका," कोणीतरी मागून टाकलं, आणि मंडप हसला.

याच मंडपातल्या निम्म्या घरांत संध्याकाळी बोंबील तळले जात. तेलंगांच्या घरी तर पाहुणा आला की कुरकुरीत बोंबलांशिवाय पान वाढलं जात नसे. तेच तेलंग दर मार्चात सुक्या बोंबलांच्या वासाविरुद्ध म्युनिसिपालिटीला अर्ज लिहीत. खायला मासा हवा, पण तो कुठे वाळतो हे दिसायला नको आणि नाकाला कळायलाही नको. याला ही माणसं स्वच्छता म्हणत.

*

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी रणदिवे त्या दोन ओळी आणायला भिंतीबाहेर गेले. कॉलनीत राहायला येऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत या जागेतून ते आज पहिल्यांदाच चालत होते. एरवी रस्त्याने वळसा घालून जायचे, नाकाला रुमाल लावून.

जागाभर बांबूंच्या रांगा होत्या. दोन-दोन पुरुष उंचीचे खांब, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोरीवर बोंबील. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बायकांचे हात हे काम न बघता करत होते. या मांडवांना त्या वलांडी म्हणत आणि या सबंध जागेला खळं.

एका उपड्या पाटीवर सखुबाई बसली होती. पासष्टीची असेल. अंगाने वाळलेली, आवाजाने नाही.

"कनचा तू?"

"त्या कॉलनीतला."

"भिंतीतला," तिने दुरुस्त केलं. कोळीवाड्यात कॉलनीला कोणी कॉलनी म्हणत नसे, भिंत म्हणत. "वासाचा अर्ज घेऊन आयलास?"

"नाही. गावाचा इतिहास लिहायचाय."

"कनच्या गावाचा?"

"आपल्या."

"आपला म्हंजे तुझा का माझा?"

तिची सून सुगंधा बाजूच्या दोरीवर जोड्या टाकत होती. ती हसली आणि म्हणाली, "आई, बसू तरी दे की त्यांना." रणदिव्यांना दुसरी पाटी मिळाली. पँट खराब होईल असा विचार मनात आला तोवर ते बसलेही होते.

सखुबाईने इतिहास सांगितला. त्यात पोर्तुगीज नव्हते आणि पेशवेही नव्हते. कुठली रांग कोणाची, एवढंच होतं. ही पार्वतीची रांग. पार्वती माझी आजेसासू, तिचं नाव अजून चालतं. ती पलीकडची माझ्या पुतण्याच्या, दशरथच्या आईची, ती मेली, आता तिच्या सुनेची. दर्या बाप्यांचा, खळं बायांचं. होडी बापाकडून मुलाकडे जाते, रांग सासूकडून सुनेकडे. बाप्यांनी खळ्यावर पाय ठेवायचा तो खांब उभे करायला, आणि तोही बायांनी सांगितलं तर.

"आणि कागद? खळ्याचा काही कागद आहे?" रणदिव्यांनी विचारलं.

"खोत होता तवा त्याला दिवाळीला सुका बोंबील जायचा. कागद कनचा?"

रणदिव्यांनी वहीत लिहिलं. त्यांच्या खात्यात हजारो नोंदवह्या होत्या आणि त्यांत लाखो नावं होती, पण सासूकडून सुनेकडे जाणाऱ्या जमिनीला रकाना नव्हता. रकाने ज्यांनी आखले ते सगळे बाप्ये होते आणि त्यांना शेत दिसत होतं, घर दिसत होतं, झाड दिसत होतं. बाई जिथे उभी राहून पोट भरते ती जागा त्यांना मोकळी दिसत होती.

"पावसाळ्यात काय करता?" रणदिव्यांनी सहज विचारलं.

"पावसात काय वाळवायचं, तुझं धोतर? जेठ सरला की खांब काढायचे, आढ्याला बांधायचे. खळग्यावर दगड ठेवायचा, चिखल जाऊ नये म्हनून. मंग गवतच गवत. नारळ पडला दर्यात की गवत उपटायचं, माती चोपायची. दसऱ्याला पयला खांब. त्याच्या आधी नाय."

रणदिव्यांची पेन्सिल थांबली.

श्रावण होता तो. सतरा वर्षांपूर्वीचा, अडतीस सालचा. ते चोवीस वर्षांचे होते, नोकरी कच्ची होती. याच गावाची मोजणी त्यांच्या वरच्या साहेबाने चैत्रात केली होती, पण टायफॉइडने तो अंथरुणाला खिळला आणि शेऱ्याचा रकाना कोरा राहिला. जा आणि भरून आण, असं सांगून रणदिव्यांना छत्री आणि वही देऊन पाठवलं. ते आले. गुडघाभर गवत होतं, हिरवंगार. वास नव्हता. गाव त्यांना आवडलं होतं, हेही आठवलं. कोणाच्यातरी ओटीवर बसून त्यांनी काळा चहा घेतला होता आणि वही मांडीवर घेऊन शेरे भरले होते.

इथे काय लिहिलं होतं ते मात्र आठवेना. आठवेना की आठवायचं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

सोमवारी कचेरीत त्यांनी जुनी नोंदवही काढली. अक्षर त्यांचंच होतं, तरुणपणचं, वळणदार. चार शब्द. पडीक. गवत. वहिवाट नाही.

*

माणूस भित्रा असला तरी प्रामाणिक असू शकतो. रणदिवे तसे होते. पुढच्या रविवारी ते तेलंगांच्या व्हरांड्यात जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. शेरा कोणी लिहिला, कसा लिहिला, पावसाळ्यात तिथे खांब का नसतात. अर्ज या शेऱ्यावर उभा आहे आणि शेराच चुकीचा आहे, म्हणाले.

तेलंगांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे पावसाळ्यात तिथे काहीच नसतं?"

"काही नसतं. म्हणून तर मी फसलो."

"आणि खांब पुन्हा कधी लागतात?"

"दसऱ्याला. नारळी पौर्णिमेआधी तर गवताला हातही लावत नाहीत. रीतच आहे तशी."

"असं," तेलंग म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. तुम्ही सरळ माणूस आहात, रणदिवे."

रणदिवे हलके होऊन घरी आले. आपण बोललो, आता वकील माणूस काय ते बघेल. दुसऱ्याच्या ओटीत ओझं टाकून मोकळं व्हायची ही सवय शिकलेल्या माणसाला फार लवकर लागते.

वैशाखात देवळाच्या फळ्यावर सूचना लागली. एप्रिलअखेर ठरलेली प्रांतसाहेबांची पाहणी सोसायटीच्या विनंतीवरून पुढे गेली होती. नवी तारीख श्रावणातली होती, नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधीची.

रणदिव्यांनी ती सूचना दोनदा वाचली आणि तसेच तेलंगांकडे गेले. तेलंग व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत होते.

"ही तारीख?"

"तुमच्याच माहितीचा उपयोग केला."

"मी त्यासाठी सांगितलं नव्हतं."

"कशासाठी सांगितलं होतंत मग? मन मोकळं करायला?" तेलंगांचा आवाज चढला नाही. "रणदिवे, काळ बघा. तिकडे ट्रॉम्बेला अणुभट्टीच्या गोष्टी चालल्यात आणि आपण भिंतीला बोंबील टांगून बसायचं? त्यांना सरकार देईल दुसरीकडे जागा. नाहूरकडे वगैरे."

"नाहूरला समुद्र आहे?"

"खाडी आहे ना."

"होड्या इथे, बोंबील नाहूरला. चालत जाणार का ते?"

तेलंग हसले. "तुम्ही स्मरणिका पूर्ण करा. नकाशा अर्जाला जोडायचाय. मोकळी जागा मोकळीच दाखवा."

घरी शुभाने, त्यांच्या बायकोने, ताट वाढता वाढता ऐकून घेतलं. ती पार्ल्याची, चार भावांत वाढलेली, स्पष्ट बोलणारी. "तुम्ही पाहणीला जाऊ नका. ताप आलाय म्हणून सांगते मी."

"शेरा माझा आहे गं."

"कोणाला माहीत आहे? तुम्ही सांगितलंत म्हणून माहीत झालं. बावीस घरांत राहायचंय आपल्याला. हळदीकुंकवाला मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आणि सुगंधा दारात मासे घेऊन येते, तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघशील?"

शुभाने आमटीची वाटी ताटात जरा जोरात ठेवली. "तिच्याकडे बघायला लागत नाही. ती येतेच," ती म्हणाली. मग आपलंच बोलणं तिला आवडलं नाही, आणि ती आत गेली.

*

आषाढात, पावसाने उघडीप दिली त्या दुपारी, रणदिवे सखुबाईच्या ओटीवर गेले. तिचा पुतण्या दशरथ तिथे जाळं सांधत बसला होता, तिशीचा, रुंद खांद्यांचा. आढ्याला बांबूचे खांब बांधलेले दिसत होते. रणदिव्यांनी आधी पाहणीची तारीख सांगितली. मग थांबून दुसरं सांगितलं.

"अडतीस साली तो शेरा मी लिहिला. पडीक म्हणून."

दशरथचे हात थांबले. सखुबाई त्यांच्याकडे बघत राहिली, डोळे बारीक करून.

"छत्रीवाला," ती म्हणाली. "तूच तो. हितंच बसला हुतास. काळा चाय पिलास."

रणदिव्यांनी मान खाली घातली.

"माझी सासू जिती हुती. ती आतून मना बोलली, इचार त्याला काय लिवतो. मना लाज वाटली. शिकलेला मानूस, आपून काय इचारायचा. चाय दिला नि गप बसली." तिने आढ्याच्या खांबांकडे बघितलं. "सतरा वरसं झाली. तू इचारलं नाय नि मीबी इचारलं नाय."

दशरथ उठला. "काकी, रडत बसू नको. साहेब येईल त्या दिवशी खांब उभे करू. चाळीस घरं हायत, दोन तासांत खळं भरून टाकू. सुका माल घरात हाय, तोच टांगू."

रणदिव्यांना तेच सुचवायचं होतं. ते घाईने म्हणाले, "हो, तसंच करा. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"नारळ पडला नाय अजून," सखुबाई म्हणाली.

"साहेबाला काय कळतो नारळ?"

"साहेबाला नाय कळत. दर्याला कळतो. नि पावसात बोंबील टांगलेला बघून साहेब हसंल. त्याची बायको पण पापड पावसात घालीत नसंल. खऱ्या जागेवर खोटा मांडव घालू? मंग ती जागापन खोटी."

"काकी, जागाच गेली तर?"

"गेली तर गेली बोलून रडीन. पन खांब नाय." मग ती रणदिव्यांकडे वळली. "तू मापवाला ना? खांब नाय तर खळगं हायत. दगडानं बांधलेलं, हातभर खोल, दर दोन वावांवर एक, दोन बाया हात पसरून हुभ्या ऱ्हातील येवढ्यावर. माझ्या आजेसासूच्या आधीचं. दगड उचल, दिसंल. तवा तुझा पाय त्यांच्यावरून गेला, तुला कळला नाय. त्याला आमी काय करू?"

*

पाहणीच्या दिवशी सकाळपासून बारीक झिमझिम होती. गवत मांडीपर्यंत आलं होतं. प्रांतसाहेब आणि त्यांचा कारकून मोटारीतून उतरले. कॉलनीचे सातजण छत्र्या घेऊन उभे होते, कोट घालून, आणि त्यांच्या मागे रणदिवे, खिशात मोजायची फीत घेऊन. समोर, कोळीवाड्याच्या कडेला, बायका उभ्या होत्या. त्यांच्याकडे छत्र्या नव्हत्या आणि कोणी डोक्यावर पदरही ओढला नव्हता.

तेलंगांनी नोंदवहीची नक्कल वाचली. पडीक, गवत, वहिवाट नाही. मग हाताने सबंध रान दाखवलं. "आज सतरा वर्षांनीही स्थिती तीच आहे, साहेब. आपण बघताच आहात."

प्रांतसाहेब सभ्य माणूस होता. त्याने बायकांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"खळं आमचं हाय," सखुबाई म्हणाली.

"कागद?"

"नाय."

"पट्टी, पावती, काही?"

"नाय."

साहेबाने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने लेखणी उघडली. एवढंच असतं. चाळीस घरांचं पोट जायला एवढाच वेळ लागतो.

"साहेब," मागून रणदिवे म्हणाले, "तो शेरा माझा आहे. आणि तो चुकीचा आहे."

सात छत्र्या वळल्या. साहेबाने त्यांना नाव विचारलं, हुद्दा विचारला. मग म्हणाला, "तेव्हा चुकलात की आता चुकताय?"

"तेव्हा."

"कशावरून?"

रणदिवे पुढे झाले आणि गवतात गुडघ्यांवर बसले. पांढऱ्या पँटीला चिखल लागला. हात गवतात घालून ते चाचपत राहिले. माती, मुळं, पुन्हा माती. सापडेना. मागे कोणीतरी खाकरलं. रणदिव्यांच्या कानशिलांवर पाणी होतं, पावसाचं की घामाचं ते त्यांनाही कळलं नसेल.

तेव्हा सुगंधा कडेवरून निघाली. ती खाली बघत नव्हती. अनवाणी, सरळ चालत आली आणि एका जागी थांबली. "हितं," ती म्हणाली.

रणदिव्यांनी तिच्या पायापुढचं गवत बाजूला केलं. चपटा दगड होता. तो उचलला, आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. खळगा कोरडा होता. आतून दगडांनी गोल बांधलेला.

"साहेब, हात घालून बघा."

साहेबाने हात घातला नाही. कारकुनाला घालायला लावला. कारकुनाचं तोंड बदललं.

मग दुसरी बाई आली, आणि तिसरी. कोणी शोधत नव्हती. गवतातून चालायचं आणि पायाला दगड लागला की थांबायचं. आपल्या सासूने जिथे उभं केलं होतं तिथे त्या जाऊन उभ्या राहिल्या, एकेका रांगेत, दोन-दोन वावांवर. बघता बघता सबंध रान बायकांनी भरलं. साडेतीन एकरांचा नकाशा होता तो. कुठल्या कचेरीने काढला नव्हता, आणि त्यातली एक रेघही वाकडी नव्हती.

रणदिवे फीत घेऊन धावत होते. "बारा फूट. पुन्हा बारा. लिहा. बारा फूट दोन इंच." पंधरा वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोठा कॉलनीत कोणी ऐकला नव्हता.

भिंतीच्या सगळ्यात जवळ आलेली रांग सखुबाईची होती. ती स्वतः आपल्या दगडावर उभी होती. तिची रांग पश्चिमेकडून सरळ येत होती आणि सरळ कॉलनीच्या भिंतीकडे जात होती. रणदिवे फीत ओढत भिंतीशी आले. बारा फुटांवर, भिंतीच्या पायथ्याशी, शेवाळातून एक चपटा दगड डोकावत होता. अर्धा बाहेर, अर्धा पायाखाली.

प्रांतसाहेब जवळ येऊन वाकला. मग त्याने भिंतीकडे वर बघितलं. "रांग इथे संपते?"

तेलंग झटकन पुढे आले. "इथेच संपते, साहेब. ही हद्द."

रणदिवे अजून वाकलेलेच होते. त्यांना फक्त मान हलवायची होती. खळं वाचलं असतं. कॉलनीही शाबूत राहिली असती. बावीस घरांशी जुळवून घेता आलं असतं, आणि शुभा हळदीकुंकवाला गेली असती. भिंतीपलीकडे कोणाचं परस येतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

त्यांनी सखुबाईकडे बघितलं. ती काही सांगत नव्हती. सतरा वर्षांपूर्वी चहा देऊन ती अशीच गप्प उभी राहिली असेल.

"रांग संपत नाही, साहेब," ते म्हणाले. "भिंत मध्ये आली आहे."

"भिंत कधीची?"

"तीस सालची. खोताने कॉलनीला जमीन विकली तेव्हाची. अडतीसच्या मोजणीत तीच हद्द धरली."

"पलीकडे कोणाचं घर?"

"माझं."

तेलंगांनी चष्मा काढला, पण हलवला नाही. त्यांनी साहेबांना हाताने बाजूला नेलं आणि छत्रीखाली बरंच काही सांगितलं. परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर न्याय वगैरे काही नव्हता, नुसती भीती होती. सोसायटी आपला अर्ज सध्या मागे घेत आहे, त्यांनी जाहीर केलं, त्यामुळे पुढे मोजायचं कारण उरत नाही.

या जगात गरिबाची जागा वाचते ती बहुतेक वेळा अशीच वाचते. कोणाला लाज वाटली म्हणून नाही, आपल्या पायाखालचं उघडं पडेल म्हणून.

प्रांतसाहेबालाही सुटल्यासारखं झालं होतं. तो मोटारीकडे निघाला. रणदिवे आडवे आले. "शेरा, साहेब. अर्ज मागे गेला, शेरा तसाच आहे."

साहेबाने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि कारकुनाला खूण केली. कारकुनाने पंचनाम्यात लिहिलं, बोंबील वाळवण्याचं खळं, पूर्वापार वहिवाट. मग तो अडला. "वहिवाटदार कोण लिहू? पुरुषाचं नाव लागतं."

"बायका," रणदिवे म्हणाले.

"रकाना नाही."

"समासात लिहा."

त्याने चाळीस नावं समासात लिहिली, बारीक अक्षरांत, ओल्या कागदावर. पहिलं नाव सखुबाईचं.

*

स्मरणिका गणेशोत्सवात निघाली. इतिहास डॉक्टरांनी लिहिला, चार पानं. त्यात पोर्तुगीज होते, पेशवे होते, दर्यावर्दी भोळेभाबडे कोळी दोन ओळींत होते. नकाशा नव्हता. रणदिव्यांना कचेरीतून पत्र आलं, जुन्या नोंदीत खोटा शेरा लिहिल्याबद्दल खुलासा करावा. तीच चूक ज्यांना सोयीची होती त्यांच्याकडे खुलासा कोणी मागितला नाही. आरतीचं तबक फिरे ते त्यांच्या हाताशी येईपर्यंत दुसरीकडे वळे. शुभाला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी भिंतीबाहेर माती चोपल्याचा आवाज आला. रणदिवे जाऊन बाजूला उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. दशरथने पहिला खांब खांद्यावरून उतरवला, बायकांनी खळग्याला हळदकुंकू लावलं, खांब आत बसला. सखुबाईचं लक्ष गेलं तेव्हा ती त्यांच्याकडे आली.

रणदिव्यांना वाटलं, ती काहीतरी बोलेल. म्हणजे तसलं काहीतरी, चांगलं. माणूस कितीही सरळ असला तरी एवढी हाव त्याला असतेच.

"तुझ्या परसात चार खळगं हायत माझं," ती म्हणाली. "माझी सासू सून म्हनून आयली तवा तिची रांग भिंतीतल्या त्या चिंचंपातूर हुती. दगड हलवू नको. माती भरंल."

"तुम्हाला ते परत..." रणदिवे बोलायला गेले.

"मी मागलं काय? हलवू नको एवढंच बोलली." आणि ती आपल्या रांगेकडे गेली.

ते घरी आले आणि मागच्या दाराने परसात गेले. भिंतीपासून बारा फूट मोजायला फीत लागली नाही. मोरीच्या बाहेर, पेरूच्या बुंध्याशी, एक चपटा काळा दगड होता. गुळगुळीत, मधे जरासा खोलगट. घरात आल्या दिवसापासून शुभा त्याच्यावर धुणं धूत होती.

आत्ताही ती तिथेच होती, चादरीला साबण लावत. रणदिवे काही न बोलता खाली बसले आणि दगडाच्या कडेला बोटं घातली. शुभाने एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि चादर उचलून घेतली. दगड जड होता. तिनेही हात लावला तेव्हा हलला.

खाली खळगा होता. कोरडा, गोल, दगडांनी बांधलेला. भिंतीपलीकडून माती चोपल्याचा आवाज येत होता.

दोघं बघत राहिली. मग त्यांनी दगड होता तसा ठेवला.

शुभाच्या हातातल्या चादरीतून साबणाचं पाणी गळत होतं. "आता धुणं कुठे धुवायचं?" तिने विचारलं.

तिने चादर पिळली. मग दगडाला वळसा घालून मोरीत गेली.